फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेनंतरचे एपिड्युरल आणि हृदयाचे अनियमित ठोके: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुप्फुसाचा भाग काढण्याची शस्त्रक्रिया ठरली की भूलतज्ज्ञ रुग्णाला भेटतात आणि वेदना कमी करण्यासाठी पाठीतून घालायच्या एका बारीक नळीविषयी, म्हणजे एपिड्युरलविषयी, सांगतात. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडते, रुग्ण खुर्चीत बसू लागतो, आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी मॉनिटर वाजू लागतो, कारण ठोके मिनिटाला १४० वर गेलेले असतात आणि त्यांना काही ताल उरलेला नसतो. अशा वेळी घरच्यांचे लक्ष सर्वांत आधी पाठीतल्या नळीकडे जाते. भूलशास्त्रात काम करताना या दोन गोष्टींच्या संबंधाविषयी जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा ऐकायला मिळाले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ती माहितीसाठी आहेत. तुमच्या रुग्णाविषयीचा निर्णय त्याला तपासणारे डॉक्टरच घेतील.

शस्त्रक्रिया फुप्फुसाची झाली, मग हृदयाचे ठोके का बिघडतात?

फुप्फुसात शुद्ध झालेले रक्त ज्या शिरांमधून परत येते, त्या थेट हृदयाच्या डाव्या अलिंदात, म्हणजे डावीकडच्या वरच्या कप्प्यात उघडतात. फुप्फुसाचा एखादा लोब, म्हणजे एक खंड, काढताना सर्जनला त्याची शीर हृदयाच्या अगदी जवळ बांधून कापावी लागते. या शिरांच्या मुखाशी अलिंदाचे स्नायू थोडे आतपर्यंत गेलेले असतात, आणि अलिंदांच्या बेताल, वेगवान ठोक्यांची, म्हणजे एट्रिअल फिब्रिलेशनची, ठिणगी बहुतेक वेळा याच भागात पडते, हे फ्रान्समधील बोर्दो येथील हृदयतज्ज्ञांनी १९९८ मध्ये दाखवून दिले. शस्त्रक्रियेत नेमक्या याच जागी ओढाताण होते आणि नंतर सूज येते.

याशिवाय फुप्फुसाचा भाग गेल्यामुळे रक्ताला वाहण्याची जागा कमी होते आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. शस्त्रक्रियेच्या आघाताने शरीरात दाह वाढतो, अ‍ॅड्रिनलिनसारखी द्रव्ये भरपूर स्रवतात, रक्तातले पोटॅशियम आणि मॅग्नेशियम खाली येऊ शकते, आणि श्वास उथळ राहिला तर ऑक्सिजन कमी पडतो. यांपैकी एकच कारण नेमके दोषी ठरवता येईल असे क्वचितच घडते. ती एकमेकांत मिसळलेली असतात, आणि म्हणूनच कोणताही एक उपाय ही तक्रार पूर्णपणे टाळू शकत नाही.

हे किती जणांना होते आणि केव्हा?

एक लोब काढल्यानंतर साधारण १० ते २० टक्के रुग्णांमध्ये, आणि एका बाजूचे संपूर्ण फुप्फुस काढल्यानंतर ४० टक्क्यांपर्यंत रुग्णांमध्ये एट्रिअल फिब्रिलेशन झाल्याचे निरनिराळ्या अभ्यासांत आढळले आहे. थोड्या वेळाकरता येऊन गेलेली अनियमितता मोजायची की केवळ उपचार करावे लागलेली, यावर आकडा बराच बदलतो. सर्वाधिक शक्यता दुसऱ्या ते चौथ्या दिवसात असते. त्यामुळे ‘काल तर सगळे ठीक होते’ हे घरच्यांचे वाक्य खरेच असते, आणि त्यात कोणाची हलगर्जी झाली असे मानण्याचे कारण नसते.

कोणाला जास्त धोका असतो?

वाढते वय हा सर्वांत ठळक घटक आहे. पुरुषांमध्ये प्रमाण अधिक दिसते. पूर्वी कधी अशी अनियमितता झालेली असणे, उच्च रक्तदाब, हृदय कमकुवत असणे, आणि शस्त्रक्रिया मोठी असणे, विशेषतः हृदयावरण उघडून शिरा बांधाव्या लागणे, यांमुळे धोका वाढतो.

एपिड्युरल म्हणजे नेमके काय, आणि छातीच्या शस्त्रक्रियेसाठी ते कुठे घालतात?

मज्जारज्जूभोवती जे आवरण असते त्याच्या बाहेर, मणक्याच्या पोकळीत, चरबी आणि बारीक शिरांनी भरलेली एक अरुंद जागा असते. तिला एपिड्युरल जागा म्हणतात. तेथे एक मऊ, बारीक नळी ठेवून तिच्यातून बधिर करणारे औषध पंपाने थोडे थोडे सोडले जाते. प्रसूतीच्या वेळी ही नळी कमरेत घालतात. छातीसाठी ती खांद्याच्या फऱ्यांच्या मधोमध किंवा किंचित खाली, साधारण पाचव्या ते सातव्या वक्षीय, म्हणजे छातीच्या भागातल्या, मणक्याच्या आसपास घातली जाते, कारण कापलेल्या बरगड्यांमधील नसा तेथून निघतात.

प्रत्यक्षात रुग्णाला पलंगाच्या कडेला बसवून, उशी छातीशी कवटाळून पाठ बाहेर काढायला सांगतात. त्वचा आधी बधिर केली जाते. मग सुई अगदी सावकाश आत जाते, आणि तिच्या मागे लावलेल्या सिरिंजच्या दट्ट्यावर भूलतज्ज्ञाचा अंगठा सतत दाबलेला असतो. अस्थिबंधनात सुई असेपर्यंत दट्ट्या हलत नाही. ती एपिड्युरल जागेत शिरताच अंगठ्याखालचा विरोध एकाएकी नाहीसा होतो. ही खूण वापरण्याची पद्धत इटलीचे सर्जन अकिले दोग्लिओत्ती यांनी १९३० च्या दशकात रूढ केली आणि आजही हात तीच खूण शोधत असतात.

नळी बसल्यावर एक चाचणी डोस देतात, आणि येथेच एपिड्युरलचा हृदयाशी पहिला संबंध येतो. त्या डोसमध्ये सामान्यतः १५ मायक्रोग्रॅम अ‍ॅड्रिनलिन असते. नळी चुकून रक्तवाहिनीत गेली असेल, तर मिनिटभरात ठोके २० किंवा त्याहून अधिक वाढतात आणि नळी जागेवर नाही हे लगेच कळते. बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचा वेग आवरणारे औषध, घेणाऱ्या रुग्णात ही वाढ दिसेलच असे नाही, म्हणून आपण कोणती औषधे घेतो हे भूलतज्ज्ञाला सांगणे फार महत्त्वाचे आहे.

एपिड्युरलचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम कसा होतो?

हृदयाला वेग देणारे अनुकंपी चेतातंतू मज्जारज्जूच्या पहिल्या ते पाचव्या वक्षीय खंडांतून निघतात. छातीच्या वरच्या भागातल्या एपिड्युरलमध्ये बुपिव्हॅकेन किंवा रोपिव्हॅकेनसारखे बधिर करणारे औषध असेल, तर ते वेदनेच्या नसांबरोबर या तंतूंनाही काही प्रमाणात शांत करते. हृदयाकडे जाणारा ‘पळ, पळ’ हा निरोप मंदावतो. फेंटानिल किंवा मॉर्फिन वेदना कमी करते, मात्र या तंतूंवर त्याचा तसा परिणाम होत नाही. म्हणून ‘एपिड्युरल होते की नव्हते’ एवढेच विचारून भागत नाही. त्यातून कोणते औषध जात होते आणि बधिरपणा कुठपर्यंत पोचला होता, हेही पाहावे लागते.

मग एपिड्युरल घेतल्याने एट्रिअल फिब्रिलेशन टळते का?

तसे ठामपणे सांगता येत नाही, आणि कोणी तशी हमी देत असेल तर ती स्वीकारू नये. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेनंतर एपिड्युरलमधून बुपिव्हॅकेन मिळालेल्या रुग्णांमध्ये वेगवान अनियमित ठोक्यांचे प्रमाण एपिड्युरलमधून मॉर्फिन मिळालेल्यांपेक्षा कमी दिसले. वर सांगितलेल्या कार्यकारणभावाशी हे जुळते. परंतु पुढे मोठ्या संख्येने रुग्णांच्या नोंदी तपासून केलेल्या कामात एपिड्युरल घेतलेल्यांमध्ये आणि न घेतलेल्यांमध्ये असा स्पष्ट फरक आढळला नाही.

मला यात विरोधाभास वाटत नाही. अनुकंपी तंतूंची उत्तेजना हे अनेक कारणांपैकी एक कारण आहे. शिरेच्या मुखाशी आलेली सूज, उजव्या हृदयावरचा ताण आणि शरीरभर पसरलेला दाह यांना एपिड्युरल हात लावू शकत नाही. दाहावर थेट उपाय करण्याचा प्रयत्नही झाला आहे. कोल्चिसिन या दाहशामक औषधाची ३,२०९ रुग्णांवर केलेली आंतरराष्ट्रीय चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. छातीच्या, पण हृदयाव्यतिरिक्तच्या शस्त्रक्रियेनंतर वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचे एट्रिअल फिब्रिलेशन कोल्चिसिन घेतलेल्या ६.४ टक्के आणि न घेतलेल्या ७.५ टक्के रुग्णांना झाले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पुरेसा ठरला नाही.

ठोके बिघडणे टळणार नसेल, तर एपिड्युरल घ्यायचे कशासाठी?

खोकण्यासाठी. हे उत्तर फार साधे वाटेल, परंतु छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या तीन दिवसांत याहून मोठे काम दुसरे नाही. बरगड्या फाकवलेल्या जागी प्रत्येक श्वासाला कळ येते, म्हणून माणूस नकळत अर्धाच श्वास घेतो आणि खोकला दाबून धरतो. कफ साठतो, फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो, ऑक्सिजन उतरतो, न्यूमोनिया होतो. चांगले काम करणारे एपिड्युरल असलेला रुग्ण फिजिओथेरपिस्टने सांगितल्यावर जखमेवर उशी दाबून घडघडून खोकतो आणि दुसऱ्या दिवशी छातीतल्या ड्रेनची, म्हणजे हवा आणि द्रव बाहेर काढणाऱ्या नळीची, बाटली हातात धरून चालतो. शांत झोप आणि पुरेसा ऑक्सिजन यांचा हृदयाला फायदाच होतो.

एपिड्युरल चालते आहे की नाही हे तपासणे सोपे आहे. नर्स किंवा डॉक्टर बर्फाचा तुकडा किंवा स्पिरिटचा बोळा छातीवर वरून खाली फिरवतात आणि कुठे गार लागत नाही ते विचारतात. दुखत असेल तर ‘सहन होतंय’ असे म्हणून गप्प राहू नये. नळी सरकलेली असू शकते, औषध एकाच बाजूला जात असू शकते, आणि यांपैकी बरेच दोष जागेवरच दुरुस्त करता येतात.

एपिड्युरलमुळेच ठोके बिघडले असतील का?

एट्रिअल फिब्रिलेशन एपिड्युरलमुळे होते, असे मानण्यास आधार नाही. मात्र एपिड्युरलचे हृदय आणि रक्ताभिसरणावर काही परिणाम निश्चित होतात. रक्तवाहिन्या सैलावल्याने बीपी उतरते. हे वारंवार घडते. बधिरपणा बराच वर चढला तर ठोके मंदावतात. येथे एक अडचण उद्भवते. बीपी उतरले म्हणून भराभर सलाईन देणे फुप्फुस काढलेल्या रुग्णाला मानवत नाही, कारण उरलेल्या फुप्फुसात पाणी साचू शकते आणि ताणलेले अलिंद आणखी चिडते. त्यामुळे पंपाचा वेग कमी करणे आणि रक्तवाहिन्या आकसवणारे औषध मोजक्या प्रमाणात देणे अधिक योग्य ठरते.

क्वचित घडणारी, पण गंभीर गोष्ट म्हणजे बधिर करणारे औषध मोठ्या प्रमाणात रक्तात मिसळणे. त्यात जिभेला मुंग्या येतात, कानात आवाज येतो, झटके येऊ शकतात आणि हृदयाच्या खालच्या कप्प्यांची लय बिघडू शकते. यावर २० टक्के लिपिड इमल्शन, म्हणजे स्निग्ध पदार्थाचे दुधासारखे द्रावण, शिरेतून देतात, आणि एपिड्युरल वापरणाऱ्या प्रत्येक विभागात ते हाताशी असले पाहिजे.

नळी पाठीत असताना ठोके अनियमित झाले, तर डॉक्टर काय करतात?

आधी मॉनिटर सोडून रुग्णाकडे पाहतात. तो शुद्धीवर आहे का, बोलतो आहे का, बीपी टिकून आहे का, छातीत दुखते आहे का? बीपी कोसळले असेल आणि ते या लयीमुळेच कोसळले असेल, तर विद्युत झटका देऊन लय पूर्ववत करतात. बहुसंख्य रुग्णांमध्ये अशी वेळ येत नाही आणि पाच-दहा मिनिटे विचार करायला मिळतात. ईसीजी काढून निदान पक्के करतात. ऑक्सिजन पाहतात, वेदना विचारतात, लघवी तुंबली आहे का ते तपासतात, ड्रेन बंद तर पडली नाही ना हे पाहतात, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तपासून कमी असल्यास भरून काढतात. ताप किंवा जंतुसंसर्गाची चाहूल असेल तर तिचा माग घेतात, कारण कधी कधी अनियमित ठोके ही न्यूमोनियाची किंवा सांधलेल्या जागेतून हवा गळत असल्याची पहिली खूण असते.

त्यानंतर वेग आवरण्यासाठी बीटा ब्लॉकर किंवा डिल्टियाझेम, किंवा लय परत आणण्यासाठी अमिओडॅरोन दिले जाते. एपिड्युरल चालू असताना ही औषधे बीपी आणखी उतरवू शकतात, म्हणून त्यांचे डोस जपून वाढवावे लागतात. वेदना आवरलेली असेल तर केवळ ठोके बिघडले म्हणून एपिड्युरल बंद करण्याची गरज नसते. उलट अचानक उसळलेली वेदना हृदयाला आणखी पळवते.

रक्त पातळ करणारी औषधे आणि पाठीतली नळी एकत्र चालतात का?

या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न माझ्या मते हाच आहे. एट्रिअल फिब्रिलेशनमध्ये अलिंद नीट आकुंचन पावत नाही, रक्त तेथे रेंगाळते, गुठळी होते, आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. म्हणून लय ४८ तासांहून अधिक काळ बिघडलेली राहिली, तर रक्त पातळ करण्याचा विचार सुरू होतो. दुसरीकडे, रक्त पातळ झालेले असताना एपिड्युरल नळी घातली किंवा काढली, तर मणक्याच्या बंदिस्त पोकळीत रक्तस्राव होऊन मज्जारज्जू दबू शकतो. हृदयतज्ज्ञ एक औषध लिहितात, भूलतज्ज्ञ नळीची वेळ पाहतात, सर्जन जखमेतील रक्तस्रावाची काळजी करतात. या तिघांनी एकमेकांशी बोलल्याशिवाय पहिला डोस जाता कामा नये.

प्रचलित मार्गदर्शक सूचनांनुसार, गुठळी टाळण्यासाठीच्या कमी मात्रेच्या हेपारिन इंजेक्शननंतर, म्हणजे एनॉक्सापॅरिनसारख्या औषधानंतर, किमान १२ तास थांबूनच नळी घालतात किंवा काढतात. पूर्ण मात्रा दिलेली असेल तर २४ तास थांबतात. नळी काढल्यावर पुढचा डोस किमान ४ तासांनी दिला जातो. अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन यांसारख्या गोळ्या नळी असताना देत नाहीत. नळी असताना रक्त पातळ करणे अटळ झाले, तर शिरेतून चालणारे साधे हेपारिन सोयीचे पडते, कारण ते थांबवल्यावर चार ते सहा तासांत त्याचा परिणाम ओसरतो. अनेकदा यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे आधी नळी काढून वेदनेची दुसरी सोय करणे.

घरच्यांनी एक खूण लक्षात ठेवावी. छातीच्या पातळीवरच्या एपिड्युरलने पाय लुळे पडणे अपेक्षित नसते. नळी असताना किंवा ती काढल्यानंतरच्या दिवसांत पाय जड वाटू लागले, उचलता येईनासे झाले, पाठीत नवे तीव्र दुखणे सुरू झाले किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी तत्काळ सांगावे. अशा वेळी तातडीने एमआरआय करून, गुठळी असल्यास काही तासांतच शस्त्रक्रियेने दाब काढावा लागतो, आणि प्रत्येक तासाच्या उशिराने पाय परत मिळण्याची शक्यता घटत जाते.

मी आधीपासून अ‍ॅस्पिरिन किंवा तत्सम गोळ्या घेतो. मला एपिड्युरल मिळेल का?

फक्त अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर सहसा अडचण येत नाही. क्लोपिडोग्रेल साधारण ५ ते ७ दिवस आधी, वॉरफरिन ५ दिवस आधी आणि अपिक्साबॅन किंवा रिव्हारोक्साबॅन ७२ तास आधी थांबवावे लागते. यांपैकी कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. हृदयात स्टेंट असेल तर तसे करणे जिवावर बेतू शकते.

बीटा ब्लॉकर शस्त्रक्रियेच्या दिवशी घ्यायचे की नाही?

रोज घेत असाल तर चालू ठेवायचे. ते अचानक थांबवणे हे शस्त्रक्रियेनंतर ठोके बिघडण्याचे टाळता येण्याजोगे कारण आहे. ‘उपाशी राहा’ या सूचनेचा अर्थ गोळीही घेऊ नका असा बरेच जण करतात. एक घोट पाण्याबरोबर ती घ्यायची असते, आणि याची खात्री आदल्या दिवशीच करून घ्यावी.

ठोके बिघडू नयेत म्हणून आधीच औषध देता येते का?

अमेरिकेतील वक्ष-शस्त्रचिकित्सकांच्या संघटनेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचनांनुसार, मॅग्नेशियम कमी असल्यास ते भरून काढावे आणि अधिक धोका असलेल्या निवडक रुग्णांमध्ये डिल्टियाझेम किंवा अमिओडॅरोनचा विचार करावा. डिजॉक्सिन हे हृदयाचे औषध यासाठी वापरू नये, असेही त्यांत म्हटले आहे. अमिओडॅरोन फुप्फुसालाही अपाय करू शकते, म्हणून संपूर्ण फुप्फुस काढलेल्या रुग्णात ते देताना हात आखडता घेतात.

एपिड्युरल शक्य नसेल तर वेदनेचे काय?

ती चिंता करू नये. मणक्याच्या शेजारी, नसा जेथून बाहेर पडतात तेथे नळी ठेवण्याची पॅराव्हर्टिब्रल ब्लॉक ही पद्धत छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेतही एपिड्युरलच्या तोडीस तोड वेदनाशमन देते, आणि बीपी उतरणे, खाज सुटणे, लघवी तुंबणे हे त्रास तीत कमी होतात. ती सामान्यतः एकाच बाजूला काम करते, त्यामुळे हृदयाच्या तंतूंवर एपिड्युरलइतका दुहेरी परिणाम होत नाही. दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेसाठी तर अलीकडच्या सूचना एपिड्युरलऐवजी पॅराव्हर्टिब्रल किंवा इरेक्टर स्पायनी ब्लॉकच (पाठीच्या स्नायूंखाली औषध सोडण्याची पद्धत) सुचवतात.

मणक्यात सुई घातल्याने कायमचे नुकसान होते का?

फार क्वचित. ब्रिटनमध्ये २००९ साली जाहीर झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीत, शस्त्रक्रियेसाठी घातलेल्या एपिड्युरलमुळे कायमची इजा होण्याचे प्रमाण एक लाखात सुमारे ८ ते १७ इतके आढळले.

घरी गेल्यावर ठोक्यांकडे किती दिवस लक्ष ठेवावे?

शस्त्रक्रियेनंतर प्रथमच झालेली अनियमितता बहुतेकांमध्ये चार ते सहा आठवड्यांत पूर्णपणे थांबते, आणि अनेकांची लय तर रुग्णालयातच पूर्ववत होते. म्हणून घरी पाठवताना दिलेली अमिओडॅरोनसारखी औषधे आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किती काळ घ्यायच्या, याची तारीख लिहून मागावी आणि त्या सुमारास ईसीजीसह तपासणी करून घ्यावी. ही औषधे विसरून वर्षानुवर्षे चालू राहिल्याचे मी पाहिले आहे, तसेच ‘आता बरे वाटते’ म्हणून ती परस्पर बंद केल्याचेही. दोन्ही धोक्याचे आहे, कारण ज्यांना एकदा असे झाले त्यांच्यात ते पुढे परतण्याची आणि पक्षाघाताची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते.

रोज सकाळी स्वस्थ बसून मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटे ठेवावीत आणि पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी. ठोके घड्याळासारखे सारख्या अंतराने येतात की मध्येच दोन जवळजवळ येऊन एक गळतो, हे त्यांच्या संख्येइतकेच महत्त्वाचे असते. बसल्या जागी ठोके ११० च्या वर टिकून राहिले, चक्कर आली, धाप वाढली किंवा बोलताना जीभ अडखळली, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.